कोरी काच

"ह्येला हळद चालती न्हवं?" कलावतीमावशींनी विचारलं आणि मायक्रोस्कोपकडे असं बघितलं, जसं काही तो गोठ्यातला बैलच आहे आणि कपाळावर नेमकं कुठं बोट टेकवायचं याचा अंदाज घ्यायचाय.

"चालते की," केळुसकर सर म्हणाले. "आज त्याचाच दिवस. फक्त भिंगांना लावू नका."

खंडेनवमी होती. आमच्या मिरज-सांगलीकडं त्या दिवशी लेथपासून उसाच्या चरकापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडतात. मग रुग्णालयाची प्रयोगशाळा तरी कशी मागं राहणार? फ्रिजला हळदकुंकू, तपासणीच्या यंत्राला हळदकुंकू, एवढंच काय, दाराबाहेरच्या वजनकाट्यालासुद्धा. सर मूळचे वेंगुर्ल्याचे, पण खंडेनवमीच्या बाबतीत आमच्याहून कट्टर झाले होते. मला मात्र दरवर्षी वैताग यायचा. पूजा सगळ्यांची, आणि दुसऱ्या दिवशी फटीफटीतनं कुंकू काढत बसायचं ते वैजूनं. वैजू म्हणजे मी. सरांच्या हाताखाली तपासण्या करायचे.

त्या दिवशी पूजा होती तरी आम्हाला सुट्टी नव्हती, कारण तपासणीसाठी गावाकडनं आलेल्या मावशींच्या मुलाच्या रक्ताच्या काचा वाळत ठेवल्या होत्या.

त्या मुलाचं नाव सुशांत. सुशांत मोरबाळे, गडहिंग्लजच्या बाजूचा. उंचापुरा, पोटऱ्या कशा कोरून काढलेल्या. प्रयोगशाळेच्या बाकावर बसला तरी त्याचे पाय सारखे हलत असायचे. दिवाळीनंतर पोलीस भरतीचं ग्राउंड होतं आणि डॉक्टरांनी त्याला पळायला बंदी केली होती. बंदीचं कारण होता त्याचा थोरला भाऊ, संग्राम. तो पण भरतीचीच तयारी करत होता. पहाटे तळ्याच्या रस्त्यावर पळता पळता जो पडला, तो उठलाच नाही. धाकट्याच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली तर तीत थोडं वेडंवाकडं दिसलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, कसरतीनंही असं होतं, आणि एका वाईट आजारानंही होतं. कशानं झालंय ते केळुसकरांकडून तपासून आणा.

तो आजार मी मावशींना माझ्या पद्धतीनं समजावला होता. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या पिशव्या असतात. पेशीतला कचरा त्या पिशव्यांत जाऊन जिरतो. पिशवीच्या आवरणात एक प्रथिन असतं. काही घराण्यांत मुलगे त्या प्रथिनाशिवायच जन्माला येतात. मग कचरा जिरत नाही, हृदयाचा स्नायू जाड होत जातो, आणि वरनं धडधाकट दिसणारं पोरगं पळताना कोसळतं.

"आन् त्ये हाय का न्हाई, कसं कळतंय?" मावशींनी विचारलं होतं.

मी फ्रिजमधली बाटली दाखवली. चंदेरी कागदात गुंडाळलेली, बोटाच्या पेराएवढी. आमच्यात तिला हिरवी बाटली म्हणायचे. तिच्यात अँटिबॉडी होती, म्हणजे ते एवढं एकच प्रथिन हुडकून काढून त्याला जाऊन चिकटणारी. आणि तिला जोडलेला होता एक चमकणारा रंग. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, स्पिरिटच्या बरणीत बुडवायचा, मग त्यावर ही अँटिबॉडी घालायची आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या उजेडाखाली बघायचं. प्रथिन असलं तर पेशीत हिरवे ठिपके चमकतात. नसलं तर अंधार.

"मग चमकू दे की बाई," मावशी म्हणाल्या, "एवडं चमकू दे."

माझ्या तोंडावर येत होतं की चमकवणं आपल्या हातात नसतं. पण बाईचा थोरला मुलगा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली.

तर त्या खंडेनवमीला पत्र्याच्या ट्रेमध्ये तीन काचा वाळत होत्या. एक माझ्या रक्ताची, कारण निरोगी माणसाची काच शेजारी लागतेच आणि आमच्याकडं निरोगी म्हणून सुई कायम मलाच टोचली जायची. उरलेल्या दोन्ही सुशांतच्या. त्यातल्या एकीवर अँटिबॉडी घालायची, दुसरीवर मुद्दाम घालायची नाही. हिला आम्ही कोरी म्हणायचो. कोरी अंधारीच दिसली पाहिजे. कोरीच चमकायला लागली तर समजायचं की बाकीचं दिसतंय ते सगळं खोटं.

"ह्यातली माज्या लेकराची कुठली?" मावशींनी विचारलं.

मी ट्रेमधल्या काचा दाखवल्या. कडेला पेन्सिलीनं नाव लिहिलेलं असतं, तेही दाखवलं. मग मी नारळ फोडायला बाहेर गेले, कारण सरांना नारळ कधीच फोडता आला नाही. परत आले तर मायक्रोस्कोपच्या खांद्यावर हळदीची पाच बोटं उमटलेली आणि मावशी हात जोडून उभ्या. सुशांत बाकावर बसून पाय हलवत होता.

दुपारी काचा तयार झाल्या. काळ्या पडद्यामागं सर बसले, मी त्यांच्या पाठीमागं, आणि पडद्याच्या फटीत मावशींची साडी दिसत होती. आधी माझी काच लावली. चमकली. मग सुशांतची लावली. सर भिंगावरनं डोळा काढेनात.

"सर?"

"वैजू," त्यांचा आवाज बदलला होता. "चमकतंय गो."

मी वाकून बघितलं. होतं खरं हिरवं.

"सर, कोरी बघून घेऊ?"

पण ते उठले होते. उठता उठता त्यांनी निळ्या उजेडाचा दिवाही मालवला आणि पडदा सारून बाहेर गेले. या माणसाला मी शिकवताना पाहिलं होतं. कोरी पाहिल्याशिवाय तोंड उघडलं म्हणून एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी चारचौघांत झापलं होतं. पण पडद्याबाहेर ती बाई उभी होती ना. तिच्याकडं बघून त्यांच्यानं राहवलं नाही.

"मावशी, आहे. मुलात प्रथिन आहे."

मावशी मटकन खालीच बसल्या. मग सरांच्या पायाला हात लावायला गेल्या, सर मागं सरकले, आणि दोघंही रडायला लागले. सुशांतचे पाय तेवढे थांबले. तो मला म्हणाला, "ताई, म्हणजे परवापासनं पळू?"

"पळ की," सर डोळे पुसत म्हणाले.

आमच्या त्या दिव्याची एक खोड होती. एकदा मालवला की पार गार झाल्याशिवाय परत लावायचा नाही, नाहीतर फुटतो. तो गार होईस्तोवर पेढे आले, सगळ्या मजल्यावर वाटले गेले, शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला. सणाचा दिवस, त्याला लवकर कुलूप लावून घरी जायचं होतं. मी तिन्ही काचा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दसरा.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. कुंकू खरवडायचं होतं ना. त्याआधी दिवा लावला आणि कोरी काच खाली सरकवली. मला म्हणाल तर कसली शंकाबिंका नव्हती. राहिलेलं काम डोक्यात किडा होऊन बसतं, तो काढायचा, एवढंच.

कोरी चमकत होती.

मी काच काढली, नाव वाचलं, परत लावली. चमकतच होती. हिच्यावर हिरव्या बाटलीतला थेंबसुद्धा पडलेला नव्हता. मग मी सुशांतची दुसरी काच लावली आणि या वेळी सावकाश बघितलं. ठिपके नव्हतेच. भाताला वरणाचं पाणी लागावं तसा सगळा हिरवा रंग नुसता पसरलेला. माझ्या काचेवरही तोच पसरलेला रंग, पण त्याच्या आत ठिपके होते. स्वच्छ, टपोरे. सुशांतच्या पेशींत एकही नाही.

काच उजेडात नेली. पेन्सिलीनं लिहिलेल्या नावावर पिवळट डाग होता. कोरीवर पण, तिथंच, नावावर. माझ्या काचेवर मात्र नव्हता.

कपाटावर खंडेनवमीचं ताट अजून तसंच होतं. त्यातली चिमूटभर हळद मी स्पिरिटमध्ये कालवली, एका नव्या, न वापरलेल्या काचेवर थेंब टाकला आणि निळ्या उजेडाखाली धरला. हिरवागार झाला. काचेवरचं हळदीचं बोट सगळ्या काचांच्या एकाच स्पिरिटच्या बरणीत बुडालं होतं, हळद विरघळली होती आणि तिन्ही काचांवरच्या पेशीपेशीत जाऊन बसली होती.

सुशांत म्हणाला होता तो परवा आजच होता. आजपासून तो पळणार होता.

सुशांतचा मोबाईल वाजत राहिला, कोणी उचलेना. घरचा म्हणून दिलेला नंबर लावला तर मावशींनीच घेतला. आवाजात नुसता आनंद.

"ताई व्हय? बोला की. दसऱ्याचं सोनं घ्या आमचं."

"मावशी, सुशांत कुठाय?"

"तळ्याकडं गेलाय न्हवं पळायला. आत्ताच गेला. लई दिसांनी—"

"त्याला थांबवा."

"का वो?"

"मावशी, आधी त्याला थांबवा. मग सांगते. जावा तुम्ही."

फोन बंद झाला नाही, नुसता खाली पडला. मला त्यांच्या अंगणातली कोंबडी ऐकू येत होती, बाकी काही नाही. मी फोन कानाला धरून उभी. सर आले, माझं तोंड बघून दारातच थांबले. मी हातानंच मायक्रोस्कोप दाखवला. ते पडद्याआड गेले, आणि आतनं एकामागून एक काचा सरकवल्याचे आवाज येत राहिले.

मग अंगणातला तो फोन कोणीतरी उचलला आणि धापा ऐकू आल्या.

"ताई," सुशांत होता. भडकलेला. "काय लावलंय वो तुम्ही? आई रस्त्यात आडवी पडली माझ्यापुढं. अख्खा गाव बघतोय. पायातली चप्पल काढून हाणली मला."

मी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसताच रडले, ते त्याला कळलं असावं, कारण तो एकदम शांत झाला.

"ताई? काय झालंय?"

"आता घरीच थांब. पळू नकोस. आईला घेऊन मिरजेला ये."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा सर दाढी न करता बसले होते. मला म्हणाले, "वैजू, हळदीचं तिला सांगू नकोस. बाई आयुष्यभर स्वतःला खात राहील. चूक माझी आहे. कोरी न बघता बोललो मी."

"तुमची आहेच," मी म्हणाले. राग होता माझ्या मनात, नाही कशाला म्हणू? पण माणूस इतका खचलेला होता, की मी सुई-काचांच्या तयारीला लागले.

नवीन रक्त घेतलं. नवीन बरणी, नवीन स्पिरिट, आणि मला पुन्हा एकदा सुई. सरांनी या वेळी सगळ्यात आधी कोरी बघितली. अंधार. मग माझी, ठिपके. मग सुशांतची.

"अंधार," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला.

बाहेर येऊन सांगितलं मीच. दोन वाक्यांत सांगितलं. असल्या बातमीला लांबण लावली की माणूस मधेच कुठंतरी आशा धरतो. सुशांत खिडकीबाहेर बघायला लागला. मावशी म्हणाल्या, "मला बगू द्या."

"मावशी, तुम्हाला त्यात—"

"मला बगू द्या, ताई."

त्यांना पडद्याआड नेलं, स्टुलावर बसवलं. आधी माझी काच लावली. डोळा कुठं लावायचा ते दाखवलं.

"काजवं हायत की वो हितं," त्या म्हणाल्या.

"ते माझं रक्त."

मग सुशांतची लावली. त्या बघत राहिल्या. डोळा चोळून परत बघितलं.

"ह्यात काय दिसंना."

"तेच, मावशी. दिसत नाही."

"संग्रामचं बी आसंच आसंल."

"असंच असणार."

"त्यो म्हणायचा, आई, छातीत धडधडतंय. आन् मी म्हणायची, नाटकं नगं करू, ऊट." त्यांनी डोळा काढला नाही. "मीच उठवलं त्येला त्या दिवशी."

मग भिंगावरनं डोळा काढून त्यांनी विचारलं, "मग आदी चमाकलं त्ये काय हुतं?"

"आमची चूक झाली," सर घाईनं म्हणाले. "काचा नीट धुतल्या नव्हत्या आम्ही."

मावशी उठल्या. टेबलावर जुन्या काचांची डबी उघडीच पडली होती, ती हलवायचं आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी एक काच उचलून खिडकीपाशी नेली. नावावरच्या डागाशेजारी स्वतःचं बोट धरलं. बरोब्बर तेवढंच.

"ही माजी हळद हाय," त्या म्हणाल्या. "ताई नारळ फोडाय गेल्या, तवा लावली मी. दोनी काचंला. यंत्राला लावली, म्हटलं पोराच्या नावाला बी लावावी." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "खरं सांगा. हिच्यामुळं चमाकलं?"

सरांनी मला डोळ्यांनी नको म्हटलं. पण त्या बाईला आजवर संग्रामबद्दल कोणी खरं सांगितलं नव्हतं, आणि त्याचं काय झालं ते तिनं आत्ताच काचेत बघितलं होतं. माझ्यानं खोटं बोलवेना.

"हो, मावशी. हळद चमकते त्या उजेडात."

"नसती लावली तर?"

"तर त्याच दिवशी कळलं असतं."

त्यांनी काच पदरानं पुसली आणि जागच्या जागी ठेवली. मला वाटलं आता कोसळतात. सरांनी तर खुर्ची पुढं सरकवली होती.

"मग दसरा गेला आसता," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दसऱ्याला गावभर सोनं वाटत फिरला वो त्यो. संग्राम गेल्यापासनं घरात कुणी दात दावला नव्हता. त्या दिशी पोरगं हसलं, मला बी हसवलं, रातच्याला बापाच्या ताटात जेवला. आदीच कळलं आसतं तर तेवडा एक दीस बी मिळाला नसता." मग त्यांनी सुशांतकडं बघितलं. तो अजून खिडकीकडंच तोंड करून उभा होता. "दीस बी मिळाला, आन् पोरगं बी हाय. आता फुडं काय करायचं त्ये सांगा. पळायचं न्हाई एवडंच का आजून काय?"

सुशांतनं तेव्हा वळून बघितलं. त्याचं तोंड पार उतरलं होतं, पण आईचा हात त्यानं धरला.

पुढं काय करायचं ते खूप होतं. हृदय थांबायला लागलं की आतनं झटका देऊन चालू करणारं एक यंत्र छातीत बसवायचं होतं. सर त्यासाठी इतके पळाले, इतक्या लोकांच्या दारात उभे राहिले, की मला त्यांच्यावर धरलेला राग कधी सुटला ते आठवत नाही. यंत्र बसलं. पोलीस होणं राहिलं. पुढच्या वर्षीपासून आमच्या प्रयोगशाळेची पूजा दाराबाहेर व्हायला लागली, आणि हळदीचं ताट उंबऱ्याच्या आत आणलं तर सर लहान मुलासारखे ओरडायचे.

मावशींच्या गावी जायचं बरीच वर्षं नुसतं चाललं होतं. शेवटी एकदा गेले, आणि योग असा की दिवस खंडेनवमीचा. सर तेव्हा निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेले होते.

तळ्याच्या रस्त्यावरच सुशांत भेटला. खुर्ची टाकून बसलेला, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि समोरनं भरतीची पोरं धापा टाकत येतायत. मधेच एकाला त्यानं थांबवलं, छातीवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, "आधी पट्टी काढून ये. त्याशिवाय माझ्या ग्राउंडवर पाय ठेवायचा नाही." पोरगा मुकाट बाजूला झाला.

घरी मावशींनी पूजा मांडली होती. विळा, कुऱ्हाड, पंपाची मोटर, मोटारसायकल. सुशांतनं शिट्टी आणि स्टॉपवॉचही ताटाशेजारी ठेवलं. मावशी आता पुष्कळ थकल्या होत्या. एकेका वस्तूला बोट लावत त्या पुढं सरकल्या आणि शेवटी सुशांतपुढं उभ्या राहिल्या.

"शर्ट काड."

"आई, ताई आल्यात."

"ताईंनी तुजं रगात बघितलंय. काड."

त्यानं वरची बटणं उघडली. गळपट्टीच्या हाडाखाली, डाव्या अंगाला, यंत्राचा उंचवटा दिसत होता. मावशींनी हळदीत बोट बुडवलं, तिथपर्यंत नेलं आणि थांबल्या. माझ्याकडं बघितलं.

"ह्येला चालती न्हवं, ताई?"

मी हळदीचं ताट त्यांच्यापुढं धरलं.

"चालते, मावशी," मी म्हणाले. "चांगली भरपूर लावा."

त्यांनी लावली, वर कुंकू टेकवलं, अक्षता टाकल्या, आणि मग आम्ही सगळे जेवायला बसलो.